म्हजें आणि म्हारो

सरकारी नोटांचा छापखाना देवासला १९७४ साली सुरू झाला, आणि त्याच्या मागोमाग देशाच्या नाना भागांतून जी कुटुंबे तेथे येऊन राहिली, त्यांत आमचेही एक होते. घरात कोंकणी, गावाकडचा पत्रव्यवहार मराठीत, बाजारात हिंदी आणि अंगणाबाहेर पाऊल टाकताच माळवी, असा आमचा चौरंगी संसार होता. धार आणि देवास ही दोन्ही पवारांची संस्थाने. त्यामुळे जुन्या वाड्यांतून मराठी अजून नांदत होती, परंतु रस्त्यावरच्या मुलांची भाषा ती नव्हे. आमच्या कन्येला १९८२ च्या जुलैत शाळेत घातले, तेव्हा ती यांपैकी कोणत्या भाषेची होणार ही चिंता मला होती. वडीलधाऱ्यांना तर ती माझ्याहून अधिक होती.

शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर होती. इयत्ता आठ आणि खोल्या पाच! अर्थात काही खोल्यांत दोन-दोन वर्ग पाठीला पाठ लावून बसत. मित्रांनी सल्ला दिला की मुलीला इंदूरच्या एखाद्या इंग्रजी शाळेत पाठवावे. अंतर पस्तीस किलोमीटर, बस सोयीची. सौभाग्यवतींनी एका वाक्यात निकाल दिला : पोरीचा अर्धा दिवस बसमध्ये जायचा असेल, तर शिकायची कधी? एका खोलीत दोन इयत्ता या गैरसोयीचा एक लाभ मात्र मला पुढे दिसला. तिसरीत असताना माझी मुलगी पाठीमागच्या चौथीचे सारे ऐके, आणि चौथीत गेल्यावर मागच्या तिसरीतील मुलांच्या चुका मनातल्या मनात दुरुस्त करी.

तिच्या वर्गात सतरा मुले होती. सतरा मुलांच्या वर्गात कोणालाही लपता येत नाही. बाईंना प्रत्येकाच्या घरची भाकरी ठाऊक असते. देवासमध्ये थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदत असत, आणि १९४८ मध्ये दोन्ही मध्यभारतात विलीन झाली, हे पुस्तकात चार ओळींत उरकण्यासारखे आहे. बाईंनी मुलांना घरोघर धाडले. आपल्या गल्लीतून दोन राज्यांची शीव कोठून जात असे, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून या, असे सांगितले. मुले परस्परविरोधी उत्तरे घेऊन आली. बाईंनी ती सगळी फळ्यावर लिहिली आणि एकही पुसली नाही म्हणे!

दर मे महिन्यात आम्ही गोव्याला कुलदेवतेच्या दर्शनाला जात असू. एका वर्षी आईने नातीला विचारले, "तुका कितें जाय गो?" नात म्हणाली, "म्हारे उदक जाय." घरभर हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. म्हाका जाऊन म्हारे आले, आता उदक जायला कितीसा वेळ लागणार, असे वाटले. आईचे मत निराळे पडले. ती स्वतः पोर्तुगीज अमदानीत देवळाच्या अग्रशाळेत भरणाऱ्या एकशिक्षकी मराठी शाळेत, धूळपाटीवर अक्षरे गिरवून शिकलेली. लहान शाळेचे तिला भय नव्हते. तिने एवढेच विचारले, "माझे पत्र ती आपले आपण वाचील ना?" देवनागरी एकच असल्यामुळे हिंदी शाळेतील ती मुलगी आजीची मराठी पत्रे खरोखरच आपली आपण वाचू लागली, अडलेला शब्द मला विचारी, आणि तो शब्द तिच्या लेखी कायमचा आजीचा होऊन बसे.

तो हशा तिच्या मनात राहिला असावा. सुट्टी संपल्यावर तिने बाईंना विचारले की मराठीत माझे, हिंदीत मेरा, मग माळवीत म्हारो आणि आजीच्या भाषेत म्हजें असे का? बाईंना कोंकणी येत नव्हती. त्यांनी वर्गातील प्रत्येकाला आपापल्या घरचा शब्द विचारला. छापखान्यातील बंगाली गृहस्थांच्या मुलाने आमार सांगितले, गुजराती दुकानदाराच्या मुलीने मारुं. कन्या घरी येऊन मोठ्या दिमाखाने म्हणाली, "बाबा, म्ह फक्त आपल्यात आणि माळव्यात आहे!" भाषाशास्त्र्यांचा यावर काय अभिप्राय पडेल तो पडो, त्या दिवसापासून माझी चिंता पुष्कळ हलकी झाली. शिवाय उदाहरण डोळ्यांसमोर होते. बेळगावकडील कन्नड घरात जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाच्या आजारात देवासला येऊन राहिले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्याची लोकगीते कानांत साठविली, आणि पुढे त्यांचे गाणे त्यांतून उभे राहिले.

सहावीत 'बाल वैज्ञानिक' हे पुस्तक हाती आले. होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांत १९७२ साली सुरू झालेला विज्ञान शिक्षणाचा प्रयोग 'एकलव्य' संस्थेमार्फत देवासकडेही पसरला होता. त्या पुस्तकात प्रश्न फार आणि तयार उत्तरे जवळजवळ नाहीत. मुलांनी टोळ्या करून प्रयोग करावेत, आपल्या शब्दांत लिहावे, आणि परीक्षेला पुस्तक खुशाल उघडे ठेवावे! रामरक्षा आणि परवचा यांवर वाढलेल्या मला हे रुचणे कठीण होते. पाठांतराने वाणीला जे वळण लागते ते अन्य उपायाने लागत नाही, हे माझे मत आजही कायम आहे. म्हणून संध्याकाळी दिवेलागणीला आमचा परवचा चालूच राहिला.

त्याच सुमारास शाळेची सहल इंदूरवरून धारला गेली, आणि मुलांवर देखरेख करावयास मीही गेलो. भोजशाळा आणि कमाल मौला मशीद या दोन्ही नावांनी ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत खांबांवर सर्पाकृती कोरलेल्या आहेत. त्यांच्या वेटोळ्यांत संस्कृत वर्णमाला आणि व्याकरणाचे प्रत्यय बसविले आहेत. मी हरखून म्हटले, "पाहा, आठ-नऊशे वर्षांपूर्वीही मुलांना पाठच करावे लागे!" एक मुलगा म्हणाला, "पण काका, त्यांनी साप काढला ना!" यावर मजजवळ उत्तर नव्हते. पुढे लाट मशिदीपाशी लोहस्तंभाचे तीन तुकडे पडलेले आहेत. मुलांनी दोरी लावून प्रत्येक तुकडा मोजला. टोळी टोळीची बेरीज वेगळी आली, पण सगळ्या त्रेचाळीस फुटांच्या आसपास. बाईंनी खरा आकडा सांगण्याआधी विचारले, "फरक का पडला असेल?" पोरे परतीच्या वाटेवर इंदूर येईपर्यंत भांडत होती.

आठवीत त्यांनी मोहल्ल्यातील विहिरी मोजल्या. कोणती विहीर कोणत्या महिन्यात आटते, जवळ विंधनविहीर किती अंतरावर आहे, अशी एक वही कन्येने केली. १९९० च्या उन्हाळ्यात देवासला आगगाडीने पाणी आणावे लागले. आम्ही मोठी माणसे रांगेत उभी राहून पावसाला बोल लावीत होतो; ही चौदा वर्षांची मुलगी वही उघडून शेजाऱ्यांना सांगत होती की फाल्गुनातच कोठल्या विहिरी गेल्या आणि कोणाच्या पंपाने.

आठवीनंतर मोठ्या शाळेत जाणे भागच होते. तेथे वर्गात साठ मुली. गुण चांगले मिळाले, कोणाविषयी तक्रार करावी असे काही घडले नाही. पण जेवताना शाळेची गोष्ट सांगणे तिने सोडले. आम्ही उभयतांनी ते पाहिले आणि एकमेकांजवळ बोललो नाही.

तो विज्ञान कार्यक्रम राज्य सरकारने २००२ मध्ये बंद केला. कन्या तेव्हा परगावी, संसारात होती. बातमी वाचून तिने दूरध्वनीवरून एवढेच विचारले, "बाबा, माझी विहिरींची वही आहे ना?" वही आजही माझ्याजवळ आहे, आजीच्या पत्रांच्याच पेटीत. शेवटच्या पानावर बाईंचा तांबड्या शाईतील हिंदी शेरा आहे : रात्री पाणी थोडे वर येते का? पाहून लिही. त्याखालचा कागद कोरा आहे.