गाडीचे खाते

व्यापाऱ्याच्या घरी सुतळीच्या गुंडीचाही हिशेब असतो. कोणत्या गाठीवर किती हमाली पडली, हे सांगायला मुनीमजींना वही उघडावी लागत नाही. परंतु दारातल्या मोटारीने आजच्या फेरीचे किती घेतले, हा प्रश्न आपल्या समाजातील फारच थोड्या घरांत विचारला जातो. पेट्रोलचा आकडा सर्वांना पाठ असतो आणि तोच गाडीचा खर्च, असे धरून चालण्याचा प्रघात आहे.

मागच्या दिवाळीला नवी वही घातली, तेव्हा मी आमच्या दुसऱ्या गाडीला स्वतंत्र खाते दिले. गाडीची किंमत नऊ लाख. आठ वर्षांनी विकताना अडीच लाख हाती आले तर नशीब. म्हणजे घट साडेसहा लाखांची, वर्षाला सुमारे 81 हजार. विमा, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी मिळून सरासरी 45 हजार. बेरीज झाली 1 लाख 26 हजार. दुकान वर्षातून 300 दिवस उघडते असे धरले, तर पेट्रोलचा थेंबही न जाळता ही गाडी रोज 420 रुपये खाते. भांडवलावरचे व्याज मी मुद्दामच धरले नाही. ते धरले असते तर घरात वाद झाला असता.

आमचे राहणे शंकरनगरला आणि पेढी गांधीबागेत. 11 डिसेंबर 2022 रोजी सीताबर्डी ते प्रजापतीनगर हा मेट्रोचा टप्पा खुला झाला आणि शंकरनगर चौकातून चितार ओळी चौकापर्यंत, सीताबर्डीला गाडी न बदलता, सरळ जाता येऊ लागले. घरापासून ई-रिक्षा धरूनही जाण्यायेण्याचे माणशी शंभर रुपये होत नाहीत. सेंट्रल अॅव्हेन्यूवरची गर्दी आता आम्ही वरून पाहतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. गाडी दारात उभी ठेवून मेट्रोने गेल्यास वाचते ते केवळ पेट्रोल. विमा चालू राहतो आणि घटही थांबत नाही, कारण उभी गाडीसुद्धा जुनी होतच असते. खरी बचत ती गाडी घरातून गेल्यावरच सुरू होते. म्हणून खात्याचा निकाल लागला तेव्हा आम्ही दुसरी गाडी विकली. नातेवाइकांपैकी काहींनी हलक्या आवाजात विचारपूस केली, धंद्यात काही अडचण तर नाही ना? घरात लग्नाचा मुलगा असताना अशी चर्चा परवडत नाही, हे पत्नीचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. आपल्याकडे सोयरीक जुळवताना दारातल्या गाड्या मोजल्या जातात. तथापि, कर्जाच्या हप्त्यावरची गाडी आणि रोखीची गाडी दुरून सारखीच दिसते, एवढे मोजणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

या साऱ्या व्यवहारात माझी मुख्य चिंता पैशाची नव्हती, बाबूजींची होती. त्यांचे वय 79. दृष्टी मंदावल्यावर त्यांनी स्टिअरिंग सोडले आणि त्याबरोबर पेढीही सुटू लागली. कोणी नेईल तेव्हा जायचे, कोणी आणील तेव्हा यायचे. त्यांचा चौविहाराचा नियम अनेक वर्षांचा आहे. डिसेंबरात नागपुरात साडेपाचच्या आसपास सूर्य मावळतो, आणि पेढीवर गिऱ्हाइकांची वर्दळ नेमकी त्याच वेळी असते. मी किंवा भाऊ काउंटर सोडून निघालो तर धंदा बुडे. ड्रायव्हर वेळेवर न आला किंवा गाडी गर्दीत अडकली तर बाबूजी पाणीही न घेता सकाळपर्यंत राहत. तक्रार कधी नाही. पुढे पुढे मात्र ते "आज येत नाही" असे म्हणू लागले. पन्नास वर्षे गादीवर बसलेल्या माणसाच्या तोंडचे ते शब्द ऐकवत नसत.

आता ते चार वाजता उठतात, काठी घेतात आणि कोणालाही न विचारता निघतात. स्टेशनात लिफ्ट आहे आणि गाडीची वेळ ठरलेली आहे. सूर्यास्तापूर्वी ते ताटावर असतात.

आरंभी एक पेच उद्भवला होता. बाबूजी रोज सकाळी चौदा नियम धारतात. त्यांत "वाहन" हाही एक नियम: आज किती वाहने वापरीन याची मर्यादा. मोटार होती तेव्हा एका वाहनात काम भागे. मेट्रोने जायचे तर मेट्रो एक, घराजवळची ई-रिक्षा दुसरी आणि चितार ओळीहून पेढीपर्यंतची रिक्षा तिसरी! मर्यादा वाढवण्यास ते राजी झाले नाहीत. दोन वाहने त्यांनी मान्य केली आणि शेवटचा टप्पा पायी चालण्याचे ठरवले. ते चालणे पथ्यावर पडले. वाटेत जुने व्यापारी भेटतात, दोन ठिकाणी बसवून घेतात, आणि बाजारात कोणाचा माल पडून आहे, कोणाची उधारी थकली आहे, हे बाबूजींना माझ्याआधी कळते. गेल्या हंगामात एका पार्टीला माल देऊ नये, असे त्यांनी चालत येतानाच ठरवले होते. ती रक्कम गाडीच्या खात्यात जमा धरावी की नाही, यावर मुनीमजींचे आणि माझे अजून एकमत नाही.

मे महिन्यात मात्र पारा 45 अंशांवर गेला की हे पायी चालणे बंद होते आणि बाबूजी घरीच थांबतात. त्यावर उपाय नाही.

भद्रावतीला केसरिया पार्श्वनाथाच्या दर्शनासाठी पूर्वी गाडी काढावी लागे. आता मातोश्री आणि वहिनी चंद्रपूरच्या एसटीने जातात. 75 वर्षे पूर्ण केलेल्यांना ऑगस्ट 2022 पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, आणि मार्च 2023 पासून स्त्रियांना अर्धे तिकीट. दोघी मिळून एका अर्ध्या तिकिटात भद्रावतीला पोहोचतात, याचा मातोश्रींना दर्शनाइतकाच आनंद होतो!

पहिली गाडी आम्ही ठेवली आहे. रात्री-अपरात्री दवाखाना, शहराबाहेरच्या लॉनवरची लग्ने आणि कापसीचे गोदाम यांसाठी ती लागते. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यात प्रजापतीनगरहून कापसीच्या ट्रान्सपोर्ट नगरापर्यंत मार्ग जाणार आहे. तो सुरू झाला की या गाडीचेही खाते उघडायचे, असे मी मुनीमजींना सांगून ठेवले आहे. ते फक्त हसले.