बाबांचा गाळा

सिंगापूरला आल्यावर एका गोष्टीची सवय व्हायला वेळ लागला, ती म्हणजे दुकाने गायब होण्याची. मागच्या महिन्यात जिथे चपला घेतल्या, तिथे आज केकचे दुकान! कराराची मुदत संपली, नवे भाडे परवडले नाही, की दुकानदार सामान आवरतो. मुदतीनंतरही तो बसून राहिला तर मालक दुप्पट भाडे मागू शकतो, अशी तरतूद इथल्या सिव्हिल लॉ ॲक्टमध्येच आहे.

म्हणूनच 2017 साली आमची पुण्याच्या फोनवरची चर्चा ऐकून बारा वर्षांच्या चिरंजीवांनी विचारले, "दुकान आजोबांचे ना? मग त्या काकांना जा म्हणून सांग की!"

आता याला काय सांगणार?

सदाशिव पेठेतला आमचा गाळा बाबांनी 1968 साली नानांना पुस्तकबांधणीसाठी दिला. भाडे महिना 110 रुपये. करार तोंडी, कागद म्हणाल तर पावतीपुस्तक. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी जवळजवळ गोठवलीच होती. मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात 1997 साली सर्वोच्च न्यायालयानेही हे गोठवणे काळाच्या ओघात अन्यायकारक झाल्याचे म्हटले. पुढे 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला आणि वर्षाला 4 टक्के वाढ मिळू लागली. 110 रुपयांवर 4 टक्के म्हणजे साडेचार रुपयेसुद्धा नाहीत!

पण बाबांची तक्रार नव्हती. 1999 साली मी इथे आलो आणि त्याच वर्षी बाबांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा रात्री त्यांना रिक्षात घालून रुग्णालयात नेणारे नानाच होते.

बाबा गेले, नानाही गेले. भाडेकरूपण नानांच्या मुलाकडे आले. त्याला बांधणीत रस नव्हता. एके दिवशी ताईने फोटो पाठवला: नानांची पाटी उतरलेली, तिथे मोबाइलच्या कव्हरांचे झगमगते दुकान. आम्हाला महिन्याला काही शे रुपये आणि तो तिसऱ्याकडून हजारो घेणार! मी तिरीमिरीत ताईला म्हणालो, "कुलूप लावून टाक."

वकीलसाहेबांनी वेळीच अडवले. कुलूप लावले तर उलट आपल्यावरच दावा होईल. वीज-पाणी तोडणे तर गुन्हाच. मग त्यांनी सरळ मार्ग सांगितले. भाडे थकले असेल तर लेखी नोटीस द्यायची आणि 90 दिवस थांबायचे. आमचे भाडे मात्र वेळेवर येत होते. स्वतःच्या खऱ्या गरजेसाठी गाळा मागता येतो, पण जास्त हाल कोणाचे होतील हे न्यायालय तोलून पाहते. "तुम्ही सिंगापूरला. तुम्हाला गाळा कशाला, असे विचारतील," ते म्हणाले. याला उत्तर नव्हते. तिसरा मार्ग बेकायदा पोटभाडेकरूचा, आणि तोच आमचा भक्कम होता. दावा लघुवाद न्यायालयात. पुढे अपील. "वर्षे किती?" या प्रश्नावर ते फक्त हसले.

मी ग्रेंज रोडच्या उच्चायुक्तालयात मुखत्यारपत्र करून ताईला पाठवले. असे पत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. शिवाय जे फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, त्याची साक्ष मुखत्यार देऊ शकत नाही. ती आपणच द्यायची.

नोटीस गेली. दावा दाखल करण्याआधी आई म्हणाली, "एकदा त्याच्याशी बोलून बघ. नानांचा मुलगा आहे तो."

दिवाळीत गेलो, तेव्हा तो घरी आला. आईच्या पाया पडला. "दादा, चुकले माझे. पण हप्ते आहेत हो," म्हणाला. रागाने गेलेला मी गप्प झालो. गाळा सोडून त्याने नोकरी धरली, तसाच मीही सोडून आलोच होतो की! शेवटी ठरले: अकरा महिन्यांत त्याने गाळा मोकळा करायचा आणि आम्ही त्याला काही रक्कम द्यायची. सगळे लेखी, वकिलांसमोर. आपल्याच दुकानासाठी आपणच पैसे मोजायचे, हे पटायला मला जड गेले. आईला गेले नाही. 2019 मध्ये किल्ली मिळाली.

मंडळी, तुमच्यापैकी अनेकांचे असे गाळे तिकडे असतील, म्हणून सांगतो. करार लेखी करा आणि नोंदवा. नोंद नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. लिव्ह अँड लायसन्स असले तरी सक्षम प्राधिकाऱ्याकडचा जलद मार्ग राहत्या घरांसाठीच आहे, दुकानासाठी नाही. आणि वर्षातून एकदा स्वतः जाऊन पाटी बघून या.

इथेही सारे मालकाच्याच बाजूने आहे असे नाही. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या किरकोळ दुकानांच्या करारांना 1 फेब्रुवारी 2024 पासून आचारसंहिता बंधनकारक झाली आहे. दुकानदारालाही आधार लागतोच.

किल्ली मिळाली त्या दिवशी आईने जुने पावतीपुस्तक काढले आणि शेवटची पावती फाडून नानांच्या मुलाच्या हातात दिली. तिच्यावर बाबा लिहायचे तेच लिहिले होते: भाडे पोचले.