झोपाळ्याच्या कड्या

अलिबागच्या घरात वाढलेल्या माणसाला गंज नवा नाही. त्यातून आता पंधरा वर्षं पॅसिफिकात राहते आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, अगदी समुद्राला लागून असलेलं हे गाव. उन्हाळाभर खारं धुकं. गॅरेजच्या बिजागऱ्या, मुलांच्या सायकली, बार्बेक्यूची जाळी, काहीच सुटत नाही. त्यामुळे अलिबागचं घर पाडायचं ठरल्यावर दादाने फोनवर विचारलं, "तुला काय ठेवू?" तेव्हा झोपाळ्याच्या कड्या मागताना त्या कशा अवस्थेत असतील याची मला कल्पना होती.

फळी गेलेलीच होती. कड्यांचे बारा तुकडे, वजन साडेनऊ किलो, जुन्या चादरीत गुंडाळून आईच्या बॅगेतून आले. आई आता आमच्याकडेच असते. ऐंशी पार केलेली, दुपारी झोपाळ्यावर बसून निवडणं-टिपणं करण्यात जन्म गेलेला. "नुसता रंगाचा एक हात मार आणि टांग," हा तिचा सल्ला.

बाबाही तेच करत. दर दोन वर्षांनी दिवाळीच्या आधी काथ्याने घासायचं आणि वरून ऑइलपेंट. पण गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. रंगाखाली तो फुगतो, पापुद्रे उचलतो, त्या फटीतून पुन्हा दमट हवा आत शिरते. वरून कडी जाडजूड दिसते आणि आत सळई बारीक होत जाते. झोपाळ्यावर माणसं बसणार, त्यात माझी दोन मुलं उभ्याने झोके घेणार. तेव्हा आत किती लोखंड उरलंय हे पाहिल्याशिवाय रंगाचा डबा उघडायचा नाही, असं मी ठरवलं.

रंग खरवडला तसे थर दिसायला लागले. हिरवा, त्याखाली चंदेरी, मग काळा, आणि अगदी तळाशी भगवट नारिंगी. आई चष्मा लावून म्हणाली, "अगं, हा तर मारुतीचा शेंदूर!" अगदी बरोबर ओळखलं तिने. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, आणि लोखंड गंजू नये म्हणून पहिला हात त्याचाच द्यायची रीत जगभर होती. आमच्या घरापासून तासाभराच्या आत असलेला, 1937 साली खुला झालेला गोल्डन गेट पूलसुद्धा आधी याच रंगात होता. त्या प्राइमरच्या लालसर छटेवरूनच आर्किटेक्ट आयर्व्हिंग मॉरो यांना आजचा रंग सुचला असं सांगतात. पुढे पुलावरचा शिशाचा रंग काढून जस्ताचा प्राइमर द्यायला 1965 ते 1995 अशी तीस वर्षं लागली. माझ्या बारा तुकड्यांना तीन शनिवार लागले, तेव्हा तक्रार नाही.

शिसं मुलांच्या मेंदूला घातक. अमेरिकेत घरगुती रंगात त्यावर 1978 पासून बंदी आहे. भारतात 90 पीपीएमची मर्यादा 2017 मध्ये लागू झाली. तुमच्याकडेही देशातून आलेली ट्रंक, पाळणा किंवा शिवणयंत्राचा स्टँड असेल तर एवढं नक्की करा: कोरडा सँडपेपर मारू नका, हीट गनने तापवू नका. मी रंग काढायचं जेल लावून, ओलं ठेवून, हातमोजे आणि मास्क घालून खरवडला. मुलांना गॅरेजबंदी. चोथा डब्यात बंद करून काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर दिला.

मग गंज. प्लंबिंगच्या तीन इंची प्लॅस्टिक पाइपाला एका टोकाला बूच लावून उभा केला, त्यात साधं पांढरं व्हिनेगर भरलं आणि तीन-तीन तुकडे एक दिवस बुडवून ठेवले. गंज मऊ काळा होऊन तारेच्या ब्रशने निघतो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळायचं आणि लगेच कोरडं करायचं. हे "लगेच" फार महत्त्वाचं. आमच्या हवेत एक चहा होईपर्यंत उघड्या लोखंडावर नारिंगी झाक येते. मी हेअर ड्रायर वापरला. उरलेल्या व्हिनेगरमध्ये शिशाचा अंश असणार, म्हणून तेही मोरीत न ओतता केंद्रावरच दिलं.

आता कॅलिपर लावला. मधली सळई 12 मिलिमीटर. पण जिथे आकडा डोळ्यात अडकतो, लोखंडावर लोखंड घासतं, तिथे तीन तुकडे 9 वर आलेले. ऐकायला पाऊण भाग शिल्लक वाटतो, पण जोर पेलतो तो छेदाच्या क्षेत्रफळावर, आणि ते जेमतेम 56 टक्के उरतं. आई म्हणाली, "इतकी वर्षं पेललंच की." मी ते तीन बाजूला ठेवले. गावातल्या लोखंडकाम करणाऱ्याने त्याच मापाचे नवे वाकवून दिले. त्यांना बाबांच्या कड्यांसारखे गोंडे नाहीत. छताच्या तुळईत वजनाची क्षमता कोरलेले नवे घडीव आयबोल्ट बसवले.

जुलै-ऑगस्ट धुक्यात रंगकाम करण्यात अर्थ नव्हता. सप्टेंबरच्या अखेरीस इथे खरं ऊन पडतं, तेव्हा प्राइमरचा एक आणि काळ्या इनॅमलचे दोन पातळ हात दिले. मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पाळला. सांध्यांना मात्र रंग नाही, तो पहिल्या झोक्यालाच सोलून निघतो. तिथे ग्रीस.

झोपाळा टांगून आधी आम्ही दोघं बसलो, मग मुलं, मग आई. तिने दोन-चार झोके घेतले आणि थांबली.

"करकरत कसा नाही?"

करकर म्हणजेच ते घासणं, कड्या झिजल्या त्यामुळेच, असं मी समजावलं. तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी गवार मोडता मोडता म्हणाली, "एका कडीचं ग्रीस थोडं पुसलंस तर?" दिवाळी झाली की बघू, म्हणून सध्या वेळ मारून नेली आहे.