मज्जेत दडलेली भाषा

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना वाचावयास काय द्यावे, असा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. विचारणारे पालक बहुधा एक अटही घालतात. पुस्तक उपदेशपर नको, कारण तसे पुस्तक मुले अर्ध्यावर टाकतात. आमच्या घरातही हाच अनुभव आहे. मुलांना हव्या असतात पाठलागाच्या, रानातून निसटण्याच्या, उद्ध्वस्त जगात तगून राहण्याच्या कथा. या आवडीला नाके मुरडण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. त्याच वाटेवरचे, तरीही भाषेच्या सीमेवर वाढणाऱ्या मुलांना विशेष जवळचे वाटेल, असे एक पुस्तक म्हणूनच सुचवावेसे वाटते.

कॅनडातील मेटिस समाजाच्या लेखिका शेरी डिमलाइन यांची 'द मॅरो थीव्ह्ज' ही इंग्रजी कादंबरी २०१७ साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी तिला तेथील गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला. मॅरो म्हणजे मज्जा. (आजची मुले या शब्दाचा अर्थ 'धमाल' असा घेतील, हे आम्ही जाणून आहोत. सप्तधातूंतील मज्जा बोलण्यातून केव्हाच गेली. 'मज्जातंतू' तेवढा शास्त्राच्या पुस्तकात उरला आहे.)

काळ भविष्यातला आहे. हवामान बिघडले आहे, किनाऱ्यावरची शहरे समुद्राने गिळली आहेत, सरोवरांचे पाणी विषारी झाले आहे. अशा जगात माणसांची स्वप्ने पडणेच थांबते आणि माणसे वेडी होऊ लागतात. स्वप्ने उरतात ती फक्त तेथील मूलनिवासींना, आणि ती त्यांच्या हाडांच्या मज्जेत असतात असा शोध लागतो. मग त्यांची शिकार सुरू होते. पकडलेल्यांना ज्या इमारतींत नेतात त्यांना 'शाळा' म्हणतात. फ्रेंची नावाचा मुलगा पहिल्याच प्रकरणात आपला भाऊ गमावतो. भाऊ स्वतःला पकडू देतो, म्हणून हा निसटतो. पुढे मिग नावाच्या प्रौढ माणसाच्या टोळीत तो सामील होतो आणि सारे जण पायी उत्तरेकडे निघतात.

या टोळीत मिनर्व्हा नावाची एक म्हातारी आहे. ती हळू चालते, फारसे बोलत नाही, आणि वरवर पाहता प्रवासातले ओझेच वाटते. परंतु जुनी भाषा येते ती तिलाच. मुलगे शिकारीचे शिक्षण घेत असताना मुक्कामी राहिलेल्या मुलींना ती एखाददुसरा शब्द देते. तो शब्द आपल्याला मिळाला नाही म्हणून फ्रेंचीला जो मत्सर वाटतो, तो आमच्या मते या कादंबरीतील सर्वांत अस्सल प्रसंग आहे. अन्नासाठी हेवा करणारी माणसे अशा कथांत पुष्कळ भेटतात. शब्दासाठी हेवा करणारा मुलगा आम्हांस प्रथमच भेटला. मिनर्व्हाचे पुढे काय होते ते येथे सांगणार नाही. कथेची कळ तेथेच आहे.

'शाळा' हा शब्द लेखिकेने उगाच योजलेला नाही. एकोणिसाव्या शतकापासून १९९० च्या दशकापर्यंत कॅनडात निवासी शाळा चालत होत्या. दीड लाखांहून अधिक मूलनिवासी मुले घरापासून तोडून तेथे ठेवली गेली, आणि स्वतःच्या भाषेत बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा होत असे. २००८ साली तेथील पंतप्रधानांनी संसदेत याबद्दल माफी मागितली. मिग रात्री शेकोटीपाशी मुलांना हाच इतिहास कथारूपाने सांगतो. सर्वांत धाकट्या मुलीला मात्र तो ऐकण्याची अजून परवानगी नसते.

आपल्या सीमाभागाच्या व्यथेची त्या अत्याचारांशी बरोबरी कोणी करू नये. ती खोटी ठरेल. तथापि शाळेची भाषा एक, बाजाराची दुसरी आणि आजीची तिसरी असणाऱ्या घरांत हे पुस्तक निराळे वाचले जाते खरे. आमच्या नववीतल्या भाचीने ते दोन रात्रींत संपवले आणि तिसऱ्या दिवशी आजीला विचारले, "आजी, तू परवा उतरंड म्हणालीस, ती काय गं?" आजीने एकावर एक रचलेल्या मडक्यांचे असे साग्रसंगीत वर्णन केले की चहा निवून गेला.

उणिवाही आहेत. मज्जेतून स्वप्ने कशी काढतात याचा शास्त्रीय उलगडा पटण्याजोगा नाही, आणि मधली काही पाने नुसती चालण्यात जातात. शिवाय हिंसेचे दोन-तीन प्रसंग जिव्हारी लागतात. तेराच्या आतील मुलांना थोडे थांबवावे, आणि त्याहून मोठ्यांनाही पालकांनी आधी स्वतः वाचून मग द्यावे. इंग्रजी अवघड नाही. दहावीच्या मुलाला शब्दकोश क्वचितच लागेल. 'हंटिंग बाय स्टार्स' हा पुढचा भाग २०२१ साली आला आहे. पहिला संपेपर्यंत त्याच्या मलपृष्ठावरचा मजकूर मुलांना वाचू देऊ नये, रहस्य फुटते.