आधी उजेड, मग लेन्स

सूक्ष्मदर्शक बघितला की नवखा माणूस पहिल्यांदा विचारतो, ‘हा किती पट मोठं दाखवतो?’ हिवतापाच्या स्लाइड वाचण्यात मुरलेला लॅब टेक्निशियन आधी उजेड जुळवतो. उजेड एकवटणारा, स्टेजखालचा कंडेन्सर पुरेसा वर आहे का, त्यातला आयरिस (उजेडाचं छिद्र) लेन्सला साजेसा उघडलाय का, हे त्याचे हात सवयीनेच तपासतात. आयरिस फार आवळला तर कडा ठसठशीत दिसतात, पण बारकावे बुजतात. गरजेपेक्षा जास्त उघडला तर सगळं पांढरंफटक.

मग १०च्या लेन्सखाली जागा शोधायची. रक्ताच्या पातळ थरातली, रंग नीट चढलेली, पेशी एकमेकींवर न चढलेली. तिथे तेलाचा एक थेंब टाकून १००ची लेन्स त्यात अलगद बुडवायची. आता लेन्स आणि काच यांच्यात मिलिमीटरच्या दोन दशांशांहूनही कमी अंतर उरतं, म्हणून फोकसच्या मोठ्या चाकाला हात लावायचाच नाही. हा तेलाचा थेंब या साऱ्या मांडणीतली सर्वांत देखणी युक्ती आहे. तेलाचा अपवर्तनांक काचेइतकाच, सुमारे १.५, त्यामुळे हवेत फाकून वाया गेले असते ते तिरपे किरण थेट लेन्समध्ये शिरतात. ते किरणच बारीक तपशील घेऊन येतात. १८७३ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी दाखवलं की प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळचे दोन ठिपके वेगळे दिसूच शकत नाहीत. त्यापुढे डोळ्याजवळचं भिंग, म्हणजे आयपीस, कितीही मोठं लावलं तरी वाढतो तो फक्त धूसरपणा.

तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची. तिच्यात एक निळसर कडं आणि त्यावर लाल ठिपका दिसला, तर तो हिवतापाचा परजीवी असू शकतो. व्हायवॅक्स जातीचा परजीवी वाढेल तशी त्याची पेशी फुगते, फॅल्सिपेरम जातीच्या परजीवीची फुगत नाही. पण पेशीवर येऊन बसलेली प्लेटलेटही अशीच फसवते. म्हणून बोट सतत फाइन फोकसच्या लहान चाकावर हवं. चाक किंचित फिरवलं की प्लेटलेट पेशीच्या वरच्या पातळीवर स्पष्ट होते, परजीवी पेशीबरोबरच स्पष्ट होतो. हा फरक पुस्तकातल्या चित्रात सापडत नाही. चित्राला खोली नसते.

नीट बघायला यंत्र उत्तमच हवं असं नाही. लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी ॲनोफिलिस डासाच्या जठरात हिवतापाचा परजीवी पाहिला, तेव्हा त्यांच्या सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू घामाने गंजले होते आणि उरलेली एकमेव आयपीस तडकलेली होती. चिरलेले डास उडू नयेत म्हणून पंखाही बंद ठेवावा लागे.

डासाच्या अळ्या बघायला स्टिरिओ सूक्ष्मदर्शक लागतो, विषाणूंसाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. हिवतापाला मात्र साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक पुरतो, बघणारा धीराचा हवा. रक्ताच्या जाड थरातली निदान १०० फील्ड (एका वेळी लेन्समधून दिसणारी जागा म्हणजे एक फील्ड) पाहिल्याशिवाय ‘निगेटिव्ह’ लिहायचं नसतं. दुपारी स्लाइडचा ढीग समोर असतानाही नाही, कारण कधी नव्वदाव्या फील्डमध्ये एकच कडं सापडतं आणि तापाने फणफणलेल्या माणसाचं औषध त्यावर ठरतं.