फॉरवर्ड

जुलै २०१६. कोपर्डीची बातमी आमच्या चारठाण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली ती त्या मुलीच्या नावासकट आणि फोटोसकट. संताप इतका आला की मीही तो फोटो लगेच चार ग्रुपवर ढकलला. वाटलं, आपण काहीतरी केलं!

त्याच आठवड्यात गावी गेले होते. आत्याला मोबाईल दाखवला. चष्मा वर सारून ती म्हणाली, "लेकराचा फोटू कामून फिरवायलात गं? तिच्या मायनं बघितला म्हंजी?"

मी गप्प.

पीडितेची ओळख उघड करणं १९८३ पासून गुन्हा आहे, हे मला नंतर कळलं. त्या कायद्यामागे एक पत्र होतं. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने मथुरा प्रकरणातल्या दोन पोलिसांना निर्दोष सोडलं. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. तेव्हा कुठलं फेसबुक? पण पत्र फिरलं, १९८० मध्ये बायका रस्त्यावर उतरल्या आणि कायदा बदलावा लागला. त्या चौघांनी निकालावर बोट ठेवलं होतं. मी काय फिरवलं, तर एका मुलीचा चेहरा.

कोपर्डीनंतरचे मूक मोर्चेही मेसेजवरच जमले. ते प्रचंड होते, शिस्तीचे होते. पण मागण्या वाढत गेल्या आणि ती मुलगी मागे पडली, असं मला वाटतं. असो.

ऑक्टोबर २०१८ मध्ये 'मी टू'ची लाट आली. पुण्यातल्या आतेबहिणीनं फेसबुकवर तेवढेच दोन शब्द लिहिले. आत्या डाळ निवडत होती. विचारलं, "काय लिवलंय तिनं?" मी अर्थ सांगितला. बराच वेळ हात डाळीतच फिरत राहिला. मग म्हणाली, "आमच्या टायमाला एक मास्तर व्हता..."

आत्याची शाळा सातवीत सुटली. गरिबीमुळे, असंच घरात आजवर सगळे सांगत आले. (तिला विचारूनच हे लिहितेय. "मास्तरचं लिव्ह, बाकी काई लिवू नको," म्हणाली. म्हणून बाकीचं लिहीत नाही.)

डाळ तशीच ठेवून ती उठली. "फोन लाव तिला."

घरात रेंज नव्हती. आम्ही दोघी गच्चीवर गेलो.