शोक करू नये, पण का?

तत्त्वज्ञानात मी अगदी नवखा. जगभरचे शहाणे लोक शेवटी एकच सांगतात, असं कानावर पडलेलं. म्हणून वहीत रकाने आखले आणि सगळ्यांना एकच प्रश्न टाकला: आपलं माणूस गेलं तर काय करावं?

सुरुवात झकास झाली. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो, शोक करू नकोस. मेलेलं मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या किसा गोतमीला बुद्ध मोहरी आणायला धाडतात. अट एवढीच, की त्या घरात कधी कुणी गेलेलं नसावं. मोहरी दारोदार मिळते, तसं घर मिळत नाही. जन्माने गुलाम असलेला स्टोइक एपिक्टेटस तर आधीपासूनच तयारी करून घेतो: मुलाचा मुका घेताना मनाशी म्हणा, हे मर्त्य आहे. चीनमधल्या च्वांगत्सची बायको जाते, मित्र भेटायला येतो, तर हे महाशय पाय पसरून भांडं बडवत गात बसलेले! रकाने भराभर भरले.

मग कन्फ्युशियसची पाळी आली आणि सगळा विचका झाला. लाडका शिष्य यान ह्वे गेला तेव्हा हा ओक्साबोक्शी रडला. ‘फार होतंय’ असं सोबतच्यांनी सुचवलं, तर म्हणे, याच्यासाठी नाही रडायचं तर कुणासाठी? आईवडिलांचा दुखवटा तीन वर्षं पाळावा, हे त्याचं मत. वर्षभर पुरे म्हणणारा शिष्य त्याला निष्ठुर वाटला.

मी गोंधळून मागचे रकाने पुन्हा चाळले. गीता म्हणते, आत्मा मरतच नाही. बुद्ध म्हणतात, असा कायमचा आत्मा मुळात नाहीच. एपिक्टेटसचं तिसरंच: मरण आपल्या हातात नाही, त्याबद्दलचं आपलं मत मात्र आहे. आणि च्वांगत्स? आधी आपणही हळहळलो, हे तो मित्राला कबूल करतो. मग जगणं-मरणं ऋतूंसारखं पालटतं, हे त्याच्या ध्यानात आलं. चार वैद्यांनी काढा एकच द्यावा आणि रोग मात्र चार सांगावेत, तशी गत.

१९१५ साली प्रसिद्ध झालेलं ‘गीतारहस्य’ उघडलं, तेव्हा थोडा उजेड पडला. टिळक मिल, स्पेन्सर, कांट यांना गीतेशेजारी बसवतात, पण कोण काय सांगतो एवढ्यावर थांबत नाहीत. ते कशाच्या आधारावर सांगतो, हे तपासतात. आधिभौतिक, आधिदैविक, आध्यात्मिक अशी वर्गवारीच करतात. मीही वहीत ‘का?’ असा नवा रकाना काढला. तो भरताना दमछाक होते आहे.

गोंधळ संपलेला नाही. दुखवट्याच्या घरी ‘आत्मा अमर आहे’ असं आपण सहज बोलून जातो. बोलणाऱ्याला ते पटलेलं असतंच असं नाही. मग पाया न मानता नुसता सल्ला उसना घेता येतो का? मला अजून ठरवता येत नाही. तोवर अशा घरी जाताना कन्फ्युशियसच सोबत असलेला बरा. तो रडणाऱ्याला गप्प करत नाही.